पोवाडे फियनांचे, भांडण कागदाचे

१८०० साली स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर लाखलन मॅकव्हुरिख नावाच्या माणसाची साक्ष नोंदवून घेण्यात आली. वय एकोणसाठाव्या वर्षात, लिहिता-वाचता येत नाही. मात्र मुइरेख या मूळपुरुषापासून आपण अठरावे, हे त्याला पक्के ठाऊक होते. हा मुइरेख तेराव्या शतकातला आयरिश कवी. वसुलीला आलेल्या सरदाराच्या कारभाऱ्याला त्याने कुऱ्हाडीने उडवले आणि तो समुद्रापलीकडे पळून आला. पुढे त्याचे वंशज क्लॅनरानल्ड सरदारांचे पिढीजात कवी झाले. त्या चाकरीबद्दल साउथ यूस्ट बेटावरची स्टिलिगॅरीची जमीन त्यांच्याकडे होती. घरात चर्मपत्रे होती, वडील ती वाचत. त्यांचे झाले काय, असे विचारल्यावर लाखलनने सांगितले की काही नातलगांनी नेली, आणि दोन-तीन तर शिंप्यांनी मापाच्या पट्ट्यांसाठी कातरलेली आपण डोळ्यांनी पाहिली.

साक्ष हवी होती एडिंबरोच्या हायलंड सोसायटीला. चाळीस वर्षे युरोपभर गाजलेल्या एका वादाचा निकाल लावण्यासाठी सोसायटीने समिती नेमली होती. वाद होता जुन्या गेलिक वीरकाव्याचा. ते खरोखर आहे की कोणा हुशार माणसाने रचले? गंमत अशी की विद्वान कागद मागत राहिले आणि काव्य होते माणसांच्या तोंडी. ते टिकले त्यात या भांडणाचा वाटा मोठा आहे. ज्याच्यामुळे हे भांडण पेटले त्याने मात्र मूळ काव्य कधीच नीट छापले नाही.

या पोवाड्यांचा नायक फिन मॅक्कूल. त्याच्याभोवती फियना नावाची शिकारी योद्ध्यांची टोळी. मुलगा ऑशिन, नातू ऑस्कर, भाचा डायरमिड. बाराव्या शतकापासून पुढची काही शतके आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिम भागात, म्हणजे हायलंडमध्ये, गेलिक ही एकच वाङ्मयीन भाषा नांदत होती. त्या काळात हे पोवाडे मोजक्या अक्षरांच्या बांधीव चरणांत रचले गेले आणि चालीवर म्हटले जाऊ लागले. अनेक पोवाड्यांत सांगणारा असतो म्हातारा ऑशिन. सगळे साथीदार मेले, हा एकटा उरला, समोर बसलेत संत पॅट्रिक. संत त्याला देवाच्या गोष्टी सांगू पाहतात, आणि हा त्यांना ठणकावतो की आमच्या फिनच्या शिकारीपुढे तुमची घंटा काय! श्रोते चांगले ख्रिस्ती असत, पण या वादात त्यांचा जीव कोणात गुंतत असेल हे सांगायला नको.

डायरमिडच्या मृत्यूचा पोवाडा सगळ्यांत लाडका. फिनची बायको ग्रान्या त्याच्या प्रेमात पडते, दोघे पळून जातात. पुढे फिन त्याला एका भयंकर रानडुकराच्या शिकारीला धाडतो. डायरमिड डुक्कर मारून सुखरूप परततो, म्हणून फिन नवी युक्ती काढतो. कातडे अनवाणी पावलांनी मोजायला सांगतो, आणि एकदा मोजून झाल्यावर पुन्हा, या वेळी केसांच्या उलट्या दिशेने. विषारी राठ केस तळव्यात घुसतो. बरे करणारे पाणी फिनच्या हाती आहे, पण तो ते देत नाही. ज्याचे गुण गायचे त्या नायकालाच पोवाडा इतका हलका दाखवतो. हे धाडस नंतरच्या नटव्या अनुवादांत अजिबात उरले नाही.

लेखणीने या पोवाड्यांना पहिल्यांदा गाठले ते १५१२ ते १५४२ या काळात. पर्थशायरमधल्या फोर्टिंगल गावी लिझमोरचे डीन जेम्स मॅकग्रेगर आणि त्यांचा भाऊ डंकन यांनी एका वहीत गेलिक कविता उतरवल्या. त्यांत फियनांचे पोवाडेही बरेच होते. पद्धत विचित्र होती. शब्द गेलिक, पण स्पेलिंग शेजारच्या स्कॉट्स भाषेच्या वळणाचे, कानाला लागेल तसे. पुढच्या अभ्यासकांचे डोळे त्या वहीने फोडले. मात्र जसे उच्चारले तसे कागदावर आले, हा फायदा काही थोडा नव्हता.

पुढे धर्मसुधारणा आली. १५६७ साली जॉन कार्सवेल यांनी गेलिकमधले पहिले छापील पुस्तक काढले, प्रार्थनांचे. प्रस्तावनेत त्यांची तक्रार आहे की लोकांना देवाच्या वचनापेक्षा फिन मॅक्कूल आणि त्याच्या वीरांच्या पोकळ गोष्टी गोड वाटतात. काव्य किती लोकप्रिय होते याचा इतका चांगला दाखला त्याच्या चाहत्यांनीही मागे ठेवला नाही.

खरा घाव बसला १७४६ साली. कलोडनच्या लढाईत हायलंडच्या बंडखोरांचा पराभव झाला आणि सरकारने त्या समाजाची घडीच मोडायला घेतली. हत्यारे काढून घेतली, पुरुषांच्या हायलंडी पोशाखावर बंदी घातली, सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार रद्द केले. सरदार हळूहळू नुसते जमीनदार झाले, आणि जमीनदाराला पदरी कवी कशाला हवा? त्यातच धर्मप्रसारक संस्थांच्या शाळांतून मुलांना इंग्रजी शिकवले जात होते. पेशाने कवी असलेली माणसे संपत आली. पोवाडे उरले ते शेतकरी, सुतार, कोळी आणि भटके यांच्या जिभेवर, हिवाळ्यातल्या लांबलचक रात्री कुणाच्या तरी घरी शेकोटीभोवती बसून म्हणण्यापुरते.

याच काळात डंकेल्ड गावात जेरोम स्टोन नावाचा तरुण शाळामास्तर होता. गडी फाइफचा, म्हणजे सखल मुलखातला, त्यामुळे गेलिक त्याला इथे आल्यावरच शिकावी लागली. पण त्याने पोवाडे लिहून घेतले आणि १७५६ च्या जानेवारीत ‘स्कॉट्स मॅगझिन’मध्ये त्यांपैकी एकाचा इंग्रजी पद्यानुवाद छापून आणला. कथा फ्रेखची. राक्षसी प्राण्याच्या पहाऱ्यातल्या झाडाची फळे आणायला त्याला पाठवतात, आणि तो जिवाला मुकतो. त्याच वर्षी स्टोनही वारला, तिशीदेखील न गाठता. तो जगता तर या इतिहासाला वेगळे वळण मिळाले असते, असा मोह पडतो. पण पुढचे नाटक रंगवायला दुसराच माणूस तयार होत होता.

जेम्स मॅकफर्सनचा जन्म १७३६ चा, बॅडनॉकमधल्या रुथव्हनजवळचा. लहानपणी त्याने बंडाची राख जवळून पाहिली होती. १७५९ साली मॉफट इथे त्याची नाटककार जॉन होमशी गाठ पडली. होमला हायलंडच्या जुन्या काव्याचा नमुना हवा होता. मॅकफर्सनने आढेवेढे घेत काही ‘अनुवाद’ दिले. एडिंबरोचे प्राध्यापक ह्यू ब्लेअर ते वाचून भारावले, आणि १७६० साली त्या तुकड्यांचे छोटे पुस्तक निघाले. तुकडे असतील तर अखंड महाकाव्यही कुठेतरी असणारच, अशी राजधानीतल्या मंडळींची खात्री झाली. त्यांनी वर्गणी काढली आणि मॅकफर्सनला शोधायला धाडले.

तो स्काय, यूस्ट, बेनबेक्युला ही बेटे फिरला, पुढे मल आणि अर्गाइलकडेही गेला. सोबत स्ट्रॅथमॅशीचा लाखलन मॅकफर्सन हा त्याच्यापेक्षा कितीतरी चांगली गेलिक जाणणारा नातलग होता. त्याची गरजही होती. नॉर्थ यूस्टचा कवी जॉन मॅककॉडरम याला ऑशिनचे पोवाडे तासन्‌तास म्हणता येत. मॅकफर्सनने त्याला गाठून विचारले की फियनांचे काही तुझ्याकडे आहे का. पण वाक्य असे अडखळले की त्याचा अर्थ झाला, फियनांकडून तुझे काही येणे आहे का? मॅककॉडरम कुठला सोडतोय! म्हणाला, असेलही, पण खते-पत्रे कधीच गहाळ झाली, आता वसुलीला जाण्यात अर्थ नाही. मुलाखत तिथेच आटोपली. बेटांवरचा सर्वांत मोठा जिवंत ठेवा समोर उभा होता आणि संग्राहकाला प्रश्नही धड विचारता आला नव्हता.

जुनी हस्तलिखिते मात्र त्याने गोळा केली, काही पोवाडेही उतरवून घेतले. त्यांतून १७६१ च्या अखेरीस ‘फिंगाल’ बाहेर पडले, १७६३ मध्ये ‘टेमोरा’. फिनचा फिंगाल झाला, ऑशिनचा ऑसियन, आणि आयर्लंडचे वीर तिसऱ्या शतकातले स्कॉटिश राजे झाले. धुके, वारा, उसासे आणि लयबद्ध गद्य. युरोप वेडा झाला. गोएटेच्या कादंबरीतल्या वेर्थरने ऑसियनवर अश्रू ढाळले, नेपोलियनने त्याला उराशी बाळगले. अभ्यासक डेरिक थॉमसन यांनी १९५२ साली काटेकोरपणे दाखवून दिले की मॅकफर्सनने पंधरा-सोळा खऱ्या पोवाड्यांचे धागे वापरले होते. कुठे कथानक घेतले, कुठे प्रसंग, कुठे नुसती नावे. बाकी सगळी त्याची करणी. निखळ थाप मारली असती तर ती लवकर उघडी पडली असती. त्याच्या थापेत खऱ्याची भेसळ होती, म्हणून हायलंडमधल्या प्रामाणिक माणसांनाही वाटले, हे तर आम्ही आजोबांकडून ऐकलेले!

इंग्रज कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सनना असले काही पटणे शक्यच नव्हते. १७७३ साली मित्र बॉझवेलला घेऊन ते हायलंड हिंडले, स्कायवर पाद्री डोनल्ड मॅक्वीन यांची त्यांनी उलटतपासणी घेतली आणि १७७५ च्या प्रवासवर्णनात निकाल दिला. मूळ हस्तलिखित दाखवा. शंभर वर्षांची जुनी गेलिक पोथी जगात नाही, आणि लिहिलीच न गेलेली भाषा इतके काही जपून ठेवूच शकत नाही. मॅकफर्सनने धमकीचे पत्र पाठवले. जॉन्सननी त्याला असे सणसणीत उत्तर दिले की इंग्रजी पत्रसंग्रहांत ते अजून छापले जाते, आणि उशाशी ओकचा सोटा ठेवला. मॅकफर्सनबद्दल जॉन्सन बरोबर होते, गेलिकबद्दल पार चुकले. लिझमोरच्या डीनची वही तेव्हाच सव्वादोनशे वर्षांची झाली होती, आणि तिच्यातले पोवाडे निरक्षर शेतकऱ्यांना अजून पाठ होते.

या अपमानाने डिवचलेले काही पाद्री आणि मास्तर कामाला लागले, काही तर आधीपासूनच लागले होते. लिझमोरचे पाद्री डोनल्ड मॅकनिकल यांनी १७७९ साली जॉन्सनना पुस्तकभर उत्तर दिले. त्यापेक्षा मोलाचे म्हणजे त्यांनी स्वतः उतरवून घेतलेले पोवाडे. निरक्षर कवी डंकन बान मॅकिंटायरच्या कविताही त्यांच्याच हाताने कागदावर आल्या. ब्लॅक वॉच पलटणीचे धर्मोपदेशक जेम्स मॅकलागन यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह मोठा आहे. डंकन केनेडी या मास्तराने दोन वह्या भरल्या. थॉमस फोर्ड हिल हा तर सरळ इंग्रज. १७८० च्या हायलंडच्या फेरीत ऐकलेले पोवाडे त्याने लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये मूळ गेलिकसह छापले. पर्थचा जॉन गिलिज १७८६ साली गेलिक गीतांचा संग्रह घेऊन आला. आयर्लंडमध्ये १७८९ साली शार्लट ब्रूक यांनी मूळ आयरिश पाठ आणि इंग्रजी अनुवाद एकत्र प्रसिद्ध केले. मॅकफर्सनने जे तीस वर्षांत केले नाही ते या बाईंनी साधेपणाने करून दाखवले. इथे आहे मूळ, तिथे आहे भाषांतर, पडताळून पाहा.

मॅकफर्सन तोवर हिंदुस्थानच्या पैशावर गब्बर झाला होता. अर्काटच्या नबाबाचा लंडनमधला वकील म्हणून तो काम पाही. ही सोय लावली त्याच्याच कुळातल्या जॉन मॅकफर्सनने. १७८५-८६ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल झालेला, बंगालच्या खंडणीवरून महादजी शिंद्यांशी खटका उडालेला तो हाच. हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या हायलंडी साहेबांनी ऑसियनचे गेलिक मूळ छापण्यासाठी एक हजार पौंड जमवून जेम्सला पाठवले. पैसे पोहोचले, पुस्तक निघेना. नसलेले मूळ काढायचे कुठून? १७९६ साली तो वारला आणि स्वतःच ठेवलेल्या पैशाने वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले. जॉन्सन तिथे बारा वर्षे आधीच पोहोचले होते.

आता हायलंड सोसायटीने १७९७ साली समिती बसवली. हेन्री मॅकेंझी अध्यक्ष, आणि सहा प्रश्नांचे पत्र हायलंडभर गेले. असे काव्य कुणाकडून ऐकले? म्हणणारे अजून हयात आहेत का? काय म्हणतात ते लिहून पाठवाल का? प्रश्न ऑसियनसाठी विचारलेले, पण उत्तरांत आली जिवंत माणसे. लाखलन मॅकव्हुरिख आला. ग्लेनऑर्किजवळच्या अखालडरचा आर्चिबाल्ड फ्लेचरही आला. सहीपलीकडे त्याला लिहिता येत नव्हते, तरी ऐकलेले पोवाडे त्याने दुसऱ्यांकडून लिहवून घेऊन जपले होते. निरक्षर माणसाने हस्तलिखित संग्रह बाळगावा, याहून ठळक उत्तर जॉन्सनना कोणते द्यायचे?

१८०५ चा अहवाल मात्र मुत्सद्दी निघाला. असे काव्य हायलंडमध्ये नक्की होते. छापलेल्या पुस्तकांशी नाव आणि आशय दोन्ही जुळेल अशी एकही कविता समितीला मिळाली नाही. मॅकफर्सनने मोकळ्या जागा भरल्या असाव्यात. म्हणजे सापही मेला आणि काठीही मोडली नाही. १८०७ साली एकदाचे ‘मूळ गेलिक’ छापून आले, हिंदुस्थानातून आलेल्या पैशाचे चीज झाले, आणि जाणकारांनी ओळखले की हा इंग्रजीवरून उलटा केलेला अनुवाद आहे. तिकडे खऱ्या पोवाड्यांच्या वह्या बासनात पडून राहिल्या. एवढ्या मेहनतीने जमलेला मजकूर सोसायटीने तेव्हाच छापला असता, तर पुढच्या साठ-सत्तर वर्षांतला निम्मा वितंडवाद टळला असता.

ते काम केले आयलाच्या जॉन फ्रान्सिस कॅम्बेल यांनी. जन्म १८२१, मोठ्या जमीनदाराचे चिरंजीव, पण बालपण एका बॅगपाइप वाजवणाऱ्याच्या देखरेखीत गेल्यामुळे गेलिक जिभेवर. मन चौफेर धावणारे. उन्हाचे तास मोजणारा काचेचा गोळा, जो भारतासह अनेक देशांच्या वेधशाळांत वर्षानुवर्षे वापरला गेला, तो मुळात त्यांच्या डोक्यातून निघालेला. १८५९ पासून त्यांनी कथा-पोवाड्यांचा शोध सुरू केला, आणि मदतीला घेतली माणसे पाहा. हेक्टर मॅकलीन हा शाळामास्तर, हेक्टर अर्कर्ट हा शिकारराखा, जॉन ड्यूअर हा लाकूडतोड्या, आणि अलेक्झांडर कारमायकेल हा अबकारी खात्यातला अधिकारी. सर्वांना एकच ताकीद होती, सांगणाऱ्याच्या तोंडून येईल ते तसेच लिहा, सुधारू नका, सजवू नका. सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय, त्याने कुणाकडून ऐकले, तेही टिपा. आधीच्या बहुतेक पाद्र्यांनी पोवाडे घेतले आणि माणसे विसरली. कॅम्बेलनी माणसेही लिहून ठेवली.

साउथ यूस्टच्या उत्तर टोकाला, भरती ओसरली की शेजारच्या बेटावर पायी जाता येते अशा उताराजवळ, एकोणऐंशी वर्षांच्या डोनल्ड मॅकफीचे खोपट होते. तिथल्या बैठकीचे कॅम्बेलनी केलेले वर्णन लोकवाङ्मयाच्या इतिहासात वारंवार वाचले जाते. जमिनीवर पीटची आग, निळा धूर, धुराड्यातून आणि एकुलत्या काचेतून येणारा उजेड. म्हातारा बुटक्या बसकणीवर, पाय आगीकडे. सून बटाटे उकडून कुस्करते आहे, मुलगा ते खातो आहे, बदके, कोंबड्या, मांजर आणि तान्हे पोर एकाच मातीच्या जमिनीवर लोळताहेत. मजेची जागा आली की म्हातारा स्वतःच खुदकन हसे, भीतीची आली की सुकलेले बोट पाहुण्याच्या गुडघ्यावर ठेवी. गुडघ्याशी उभा असलेला छोटा नातू प्रत्येक शब्द गिळत होता. ओहोटीची वाट पाहणारे तीन वाटसरू येऊन ऐकून शेरे मारून गेले. पाणी उतरल्यावर कॅम्बेल पाण्यातून पलीकडे गेले आणि बेनबेक्युलाच्या वाऱ्यावर कपडे वाळवले.

चार खंडांच्या लोककथा १८६० ते १८६२ मध्ये आल्या. त्यांत मॅकफर्सनबद्दल कॅम्बेल थोडे मवाळ होते. पण शे-दीडशे वर्षांच्या वह्या आणि जिवंत पाठ शेजारी ठेवल्यावर त्यांचे मत पक्के झाले की छापील गेलिक ऑसियन आधुनिक आहे. १८७२ साली त्यांनी ‘लेवर ना फेन्ये’, म्हणजे फियनांचे पुस्तक, पदरमोड करून छापले. १५१२ ते १८७१ या काळात स्कॉटलंडमध्ये गोळा झालेले पोवाडे, प्रत्येक पोवाड्याचे वेगवेगळे पाठ एकापाठोपाठ, एकूण सुमारे ५४ हजार ओळी. पुस्तक खपले नाही, दुसरा खंड निघाला नाही. त्याच वर्षी स्कॉटलंडचा शिक्षण कायदा आला. शाळा सक्तीची झाली, गेलिकचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. मॅकफीच्या नातवासारख्या मुलांनी यापुढे शब्द गिळायचे ते इंग्रजी क्रमिक पुस्तकांतले.

एवढ्या सगळ्या वह्यांत एक मोठी उणीव राहिली, ती चालींची. पॅट्रिक मॅकडॉनल्ड यांच्या १७८४ च्या संग्रहातल्या थोड्या चाली आणि स्कायच्या फ्रान्सेस टोल्मी यांनी १९११ साली छापलेल्या १०५ गाण्यांतल्या काही वीरगीतांच्या चाली सोडल्या, तर पोवाडे कागदावर मुकेच होते. त्यांना आवाज दिला यंत्राने. रासे बेटावरचा कॅलम मॅकलीन १९४६ पासून आयरिश लोकसाहित्य आयोगासाठी स्कॉटलंडमध्ये ध्वनिमुद्रण करू लागला. १९५१ साली एडिंबरो विद्यापीठात स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झाले, तेव्हा तो तिथे रुजू झाला. त्याचा सहकारी हॅमिश हेंडरसन १९५० च्या दशकात लेर्गजवळ भटक्यांच्या तंबूत पोहोचला. अॅली डाल, म्हणजे आंधळा अॅली, या स्टुअर्ट कुळातल्या कलईवाल्याला ती जुनी कवने येत होती. गावांनी टाकलेले गावकुसाबाहेरच्यांनी जपले होते. साउथ यूस्ट आणि बॅरा या बेटांवरही साठच्या दशकापर्यंत पोवाडा चालीवर म्हणणारी माणसे भेटत राहिली. चारशे वर्षांपूर्वी डीनच्या वहीत उतरलेले कथानक त्यांच्या गळ्यात अजून खणखणीत होते.

मॅकफर्सनच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्याने सगळ्यांना चिडवले, आणि चिडलेल्या माणसांनी ऐकायला सुरुवात केली. श्रेय द्यायचे तर मॅकनिकल, फ्लेचर, ड्यूअर आणि मॅकफी यांना द्यावे लागते, आणि ज्यांची नावेही कुणी लिहिली नाहीत त्या म्हणणाऱ्यांना. स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजमधली ध्वनिमुद्रणे २०१० च्या डिसेंबरपासून ‘टोबर अन दुअलखइश’ या संकेतस्थळावर कुणालाही फुकट ऐकता येतात. गेलिकचा एक शब्द कळत नसला तरी फियनांचा एखादा पोवाडा वाचकांनी तिथे जरूर ऐकावा.